काळा कोट जांभळा झाला तेव्हा: आमची वाटचाल

2009 साली पुण्यात बुधवार पेठेत 10 बाय 8 च्या गाळ्यात कॅमेरा दुरुस्ती सुरू केली. भांडवल काय, तर जेआयएस म्हणजे जपानी मानकाच्या स्क्रूड्रायव्हरचा संच, फ्लॅशच्या कपॅसिटरमधले 300 व्होल्ट उतरवायला हाताने बांधलेला रेझिस्टर आणि काच उचलायचा रबरी सक्शन पेन. तिन्ही आजही टेबलावर आहेत. नव्या पोरांना सांगतो, जपानी स्क्रूत साधा फिलिप्स घालू नका, माथा खाल्ला जातो.

2012 ची लग्नसराई मात्र विसरता येत नाही. कोकणातून बुरशी धरलेले कॅमेरे यायचे, सेन्सरपुढची काच बदलावी लागायची. एका घाऊक विक्रेत्याने ‘ओरिजिनलसारखीच’ म्हणून निळसर काचा दिल्या. जाडी मायक्रोमीटरने मोजली, फोकस जुळला, उन्हात रंगही ठीक आले. 14 कॅमेऱ्यांत बसवल्या. आठवड्याभरात सांगलीहून फोन: “दादा, नवरदेवाचा काळा कोट जांभळा आलाय. अल्बम कसा देऊ?”

कारण मला त्या रात्री समजलं. सेन्सरच्या सिलिकॉनला साधारण 1100 नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा उजेड दिसतो, आपल्या डोळ्याला जेमतेम 700. मधला इन्फ्रारेड अडवणं हेच त्या काचेचं काम, आणि या काचा तो सोडत होत्या. हॉलमधल्या हॅलोजनमध्ये इन्फ्रारेड भरपूर. कृत्रिम धाग्याचं काळं कापड दिसणारा उजेड गिळतं, इन्फ्रारेड मात्र परत फेकतं. 2006 च्या लायका एम8 कॅमेऱ्यामध्येही हेच झालं होतं. त्या कंपनीने ग्राहकांना लेन्सवर लावायचे दोन फिल्टर फुकट दिले. मला तेवढी ऐपत कुठली? आरडी मोडली, चौदाही काचा पदरच्या पैशाने बदलून दिल्या.

समोरच्या दुकानदाराने तेवढ्यात ‘तिकडे कॅमेरे बिघडवतात’ असं गावभर केलं. तोही त्याच विक्रेत्याचा माल घेत होता, हे मला ठाऊक होतं. बोललो नाही. आज वाटतं, बोलायला हवं होतं. चार महिने दिवसाला एखादं गिऱ्हाईक.

त्या दिवसांत आकाशनिरीक्षण करणारे एक काका आले. तेजोमेघातल्या हायड्रोजनचा लाल उजेड 656.3 नॅनोमीटरचा, कंपनीची काच त्यातला बराचसा कापते. तो येऊ देणारी, पण 700 च्या पुढचं अडवणारी काच त्यांना बसवून हवी होती. म्हटलं, “काका, सध्या माझ्याकडे नका देऊ.” ते म्हणाले, “मग कुणाकडे देऊ? तीनदा तूच उघडलायस तो.” कॅमेरा ठेवून निघून गेले. अशा कामासाठी पुढे नाशिक, कोल्हापूरहून जे लोक आले, ते त्यांच्यामुळेच.

नंतरची वर्षं बरी गेली.

काच घेताना रंगावर जाऊ नका. टीव्हीचा रिमोटही इन्फ्रारेडच सोडतो; अंधारात तो लेन्ससमोर धरून बटण दाबा आणि त्याच मॉडेलच्या न उघडलेल्या कॅमेऱ्याशी ताडून बघा. तिथे अंधूक ठिपका आणि तुमच्याकडे लखलखीत, तर काच परत करा. व्हिडिओवाल्यांनी भर उन्हात जाड एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर) लावताना इन्फ्रारेड अडवणाराच घ्यावा, नाहीतर काळा रंग तपकिरी होतो.

आमच्याकडे रिमोटवर भागत नाही. सांगलीच्या त्या फोटोग्राफरने शिंप्याकडून आणून दिलेला कोटाच्या कापडाचा तुकडा भिंतीला टाचलाय, शेजारी हॅलोजन. त्याचा फोटो काळा आल्याशिवाय कॅमेऱ्याची पावती फाडत नाही.