होमस्टेच्या वेबसाइटचं नियोजन

आज गोव्यातल्या मांद्र्याच्या एका होमस्टेच्या वेबसाइटचा आराखडा ठरला. रंग आणि लोगोची चर्चा मुद्दाम शेवटी ठेवली. आधी ठरवायचं ते हे, की पाहुण्याने साइटवर येऊन नेमकं काय करायचं? फोन, व्हॉट्सअ‍ॅप की थेट बुकिंग? त्यावरच पानं ठरतात. इथे पाच पुरतात: मुख्य पान, खोल्या, दर, कसं यायचं, संपर्क. ‘कसं यायचं’मध्ये मोपा आणि दाबोळी या दोन्ही विमानतळांवरून वेगळा रस्ता द्यायलाच हवा, नाहीतर रात्री उतरलेला माणूस गोंधळतो. पावसाळ्याचे, सीझनचे आणि नाताळचे दर वेगळे, म्हणून दरांचा तक्ता मालकाला स्वतः बदलता आला पाहिजे.

काम अडतं ते बहुतेक मजकूर आणि फोटोंपायी. मोबाइलवरचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, तसाच चढवला तर साइट रखडते. रुंदी 1600 पिक्सेल, वेबपी (WebP, वेबसाठीचा हलका फोटो-प्रकार) फॉरमॅट, वजन शक्यतो 200 केबीच्या आत. मराठी मजकुराला ओळींमधलं अंतर फॉन्टच्या किमान दीडपट ठेवा. इंग्रजीच्या मापाने बसवलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात.

करारात दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच, आणि सगळा मजकूर हातात आल्यावरच डिझाइनचे दिवस मोजायचे.

आणि कृपा करून डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मालकाच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर घ्या. डिझायनर बदलला आणि नूतनीकरण चुकलं, तर कार्डांवर छापलेला पत्ता हातचा जातो.