सांदवाडीतला आंबिया आणि बाकीचा फुलोरा : माघ ते फाल्गुन

दोन्ही संत्र्यांना कळी लागली. आधी शेंड्याकडच्या काड्यांवर मोहरीएवढे पांढरट ठिपके दिसले, मग चारआठ दिवसांत आतल्या जुन्या लाकडावरही. अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीच्या या पट्ट्यात सध्या प्रत्येक धुऱ्यापलीकडे, म्हणजे शेताच्या बांधापलीकडे, आंबिया बहार फुटतो आहे, तेव्हा बागाईतदारांना यात नवल वाटणार नाही. पण घरामागच्या सांदवाडीत दोनच झाडं असली की त्यांना ताण देणं, म्हणजे काही दिवस पाणी तोडणं, हे वेगळंच काम होऊन बसतं. म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

ज्यांच्याकडे संत्रा नाही त्यांच्यासाठी थोडं. नागपुरी संत्र्याचे आपल्याकडे मुख्य बहार दोन. पावसाच्या सुरुवातीला फुलतो तो मृग, आणि जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया. आंबियासाठी थंडीच्या दिवसांत झाडाचं पाणी तोडतात. थंडी आणि कोरड या दोन्हींनी पालवी थांबते, पानांनी केलेलं अन्न काड्यांत साठून राहतं, आणि पुन्हा ओलीत मिळालं की ते कळीत उतरतं. हलक्या जमिनीत हे महिन्याभरात साधतं. आमची जमीन काळी, भारी, वरून भेगाळली तरी हातभर खाली ओल धरून ठेवणारी. तिथे दीड-दोन महिने थांबावं लागतं.

घराजवळच्या झाडाची अडचण अशी की ते कधी कोरडं राहतच नाही. न्हाणीचं पाणी, भांड्यांचं पाणी, कोणी बादली उपडी केली तर तेही, सगळं उतारानं त्याच्याकडे जातं. यंदा डिसेंबर लागायच्या आतच न्हाणीचा दांड (पाण्याचा पाट) वळवून केळी आणि धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांकडे नेला. संत्र्याच्या आळ्याबाहेर मातीचा बांध घातला. घरात सगळ्यांना सांगून ठेवलं की मकरसंक्रांतीपर्यंत या दोन झाडांना कोणी पाणी घालायचं नाही. पानं दुपारी मलूल व्हायला लागली तेव्हा सासूबाईंचा जीव राहीना. "झाड मारतं का वो?" म्हणाल्या. पानं दुपारी माना टाकतात आणि सकाळी सावरतात तोवर घाबरायचं कारण नसतं. सकाळीही ती सुकलेलीच दिसली, पिवळी पडून बरीचशी गळायला लागली, की ताण पुरा झाला म्हणायचा.

संक्रांतीनंतर आळं हलकं चाळलं, मुळं न दुखवता. कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळली, मग पहिलं ओलीत अगदी हलकं. दुसरं काही दिवसांनी, जरा भरपूर. एकदम पोटभर पाणी दिलं तर झाड कळीऐवजी पालवीच काढत बसतं, असं इथले जुने लोक सांगतात, आणि मी झाडाकडे पाहून त्यावर विश्वास ठेवते.

कळीचे दोन प्रकार दिसताहेत, ते नीट पाहण्यासारखे आहेत. काही कळ्या नुसत्या जुन्या काडीवर घोसानं आल्या, सोबत एकही पान नाही. काही नव्या फुटव्यावर, कोवळ्या पानांच्या बेचक्यात एकेकट्या. फुलताना पहिला प्रकारच डोळ्यांत भरतो, पण फळ टिकतं ते बहुतेक दुसऱ्या प्रकारावर, कारण शेजारचं पान त्याला पोसतं. त्यामुळे घोसाची फुलं खाली पडली की मी काळजी करत नाही. सकाळी झाडाखाली पांढऱ्या पाकळ्यांचा सडा पडतो आणि त्या दिवसापुरतं मी तिथे झाडत नाही.

वासाबद्दल काय लिहू! दिवसा तो झाडाशी गेल्यावर येतो. रात्री नऊ-साडेनऊला वारा पडला की अख्ख्या आवारात भरतो. परवा सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या, म्हणाल्या, "कोनं अत्तर सांडलं वो अंगनात?" त्यांचं सगळं आयुष्य संत्र्याच्या गावात गेलं, तरी दर माघात त्या हा प्रश्न विचारतात. मला तो दरवर्षी ऐकायचा असतो.

आंबा, महाशिवरात्रीच्या सुमारास

गावरान आंबा यंदा पूर्वेकडच्या अर्ध्या अंगानंच मोहरला. उरलेल्या अर्ध्यावर तांबूस पालवी आहे. गावरान झाडाला एक साल भरून आलं की दुसरं साल रिकामं जातं, आणि एकाच झाडाच्या दोन बाजू असं आळीपाळीनं वागतात तेही मी पाहते आहे. कार्तिकानंतर त्याला मुद्दाम पाण्याचा थेंब दिला नव्हता. कैरी वाटाण्याएवढी होईपर्यंत देणारही नाही.

मोहोराची एक काडी तोडून भिंगाखाली पाहा, कोणाकडे लहान भिंग असेल तर. एका तुऱ्यावर शेकड्यांनी फुलं असतात आणि त्यातली बरीचशी नुसती नर असतात. ज्यांच्या मध्यभागी हिरवट गोल दाणा दिसतो ती दोन्ही अंगांची, फळ धरलं तर तीच धरणार. त्यातलीही बहुतेक गळतात. परागीकरणाचं मोठं काम आंब्यावर माश्याच करतात, साध्या घरमाशीच्या जातीच्या. मोहोरावर माश्या घोंघावतात म्हणून कोणी धूर करायला निघालं तर थांबवा.

मध्यंतरी दोन दिवस आभाळ आलं, पहाटे दव पडलं आणि एका फांदीवर पांढरी भुरी दिसली. पाण्यात विरघळणारं गंधक, 10 लिटरला 20 ग्रॅम, संध्याकाळी फवारलं. कीटकनाशक फुलोऱ्यात अजिबात नाही. ऊन 35 अंशांच्या वर जायला लागलं की गंधकही नको, मोहोर करपतो. आमच्याकडे ती वेळ होळीच्या आसपास येते.

महाशिवरात्रीला पिंडीवर बेलासोबत आंब्याचा मोहोर आणि गव्हाची ओंबी वाहायची आमच्या घरची रीत आहे. त्यासाठी एक तुरा तोडला, तोही पालवीच्या बाजूला चुकून आलेला.

कडेची पट्टी : जवस, करडई, धना, कांदा

ही या वर्षाची माझी सगळ्यात आवडती गोष्ट. कुंपणाच्या आतून हातभर रुंदीची पट्टी काढून तिथे विलायती रोपांऐवजी आपली रब्बीची पिकं फुलांसाठी म्हणून पेरली. पिटुनिया, फ्लॉक्स छान दिसतात, दाराशी कुंडीत माझ्याकडेही आहेत. पण फेब्रुवारीच्या शेवटी दुपारचा पारा 33 च्या पुढे गेला की ते रोज पाणी मागतात, आणि ज्या भागात भूजलाचा उपसा इतका झाला आहे तिथे मला ते बरं वाटत नाही. जवस एक-दोन पाण्यांत येतं.

जवस उशिरा, नोव्हेंबरात पेरलं, म्हणून माघात फुललं. वेळेवर पेरलेलं वावरातलं जवस तोवर बोंडावर आलेलं असतं. त्याची निळी फुलं पाहायची तर सकाळीच. ऊन चढलं की पाकळ्या गळायला लागतात, दुपारी पट्टीत नुसती हिरवी काडी उभी असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळं निळं. चहाचा कप घेऊन मी तिथेच उभी राहते. आमच्याकडे जवसाची चटणी रोजच्या ताटात, तेल घरोघरी होतं, पण फुलासाठी जवस पेरणारं गावात कोणी नव्हतं. आता शेजारच्या दोघींनी बी मागून ठेवलं आहे.

करडई काटेरी, तिला कुंपणाला लागून ठेवली. फूल पिवळं उमलतं आणि सुकत जाताना केशरी-लाल होतं, त्यामुळे एकाच झाडावर दोन्ही रंग दिसतात. धन्याची पांढरी छत्री आणि बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याचे गोंडे यांवर मधमाश्यांची सगळ्यात जास्त गर्दी. सातेरी आणि फुलोरी या दोन्ही जाती ओळखू आल्या. फुलोरी अगदी बारकी, लिंबाच्या फांदीला तिचं तळहाताएवढं पोळं आहे. आग्या माश्या संत्र्यावर येतात, इकडे कमी.

ज्यांना परसबागेत फळझाडं आहेत त्यांनी अशी पट्टी करून पाहावीच. माश्या एका गोष्टीसाठी येतात आणि शेजारचं लिंबू, डाळिंब, दोडका सगळ्यांची कामं करून जातात.

कांचन, गिरिपुष्प, शेवगा

कांचन पान टाकून फुलला. दिवाळीच्या सुमारास फुलणारा कांचन वेगळा, हा वेगळा. नर्सरीत दोन्ही एकाच नावानं मिळतात. फूल उलगडून पुंकेसर मोजा: माघ-फाल्गुनात फुलणाऱ्याला पाच मोठे असतात, थंडीच्या आधी फुलणाऱ्याला बहुधा तीन. पाकळ्याही याच्या रुंद, आणि एका पाकळीवर गडद जांभळ्या रेघा. वसंतासाठी घ्यायचा असेल तर फुलात असतानाच पाहून घ्या.

गिरिपुष्प कुंपणाला लावलं ते हिरवळीच्या खतासाठी. पण या पंधरवड्यात त्याच्या बिनपानाच्या काड्या खालपासून वरपर्यंत फिक्या गुलाबी फुलांनी भरल्या आहेत, आणि रस्त्यानं जाणारे थांबून विचारताहेत. छाटणी मी या फुलोऱ्यानंतर करते. पावसाळ्याच्या शेवटी छाटलं तर हा देखावा जातो.

शेवग्याच्या फुलांची भाजी एकदा झाली. झटकून गोळा केलेलीच घेतली, घोस तोडले नाहीत.

माघात आमच्याकडे जे जे भरभरून फुललं, ते बहुतेक कोरडं राहून फुललं आहे. संत्रा, आंबा, कांचन, गिरिपुष्प, दाराशी बोगनवेल, आणि धुऱ्यावरचा पळस तर कोणी कधी पाणी न घातलेला. या दिवसांत ऊन वाढलं म्हणून पाइप घेऊन सगळ्या झाडांवर फिरणाऱ्यांना मी हेच सांगते की जरा थांबा. पाणी मोगऱ्याला द्या, कुंड्यांना द्या. बाकीच्यांना कोरडं राहण्याची सवय आहे, आणि त्यांचा फुलोरा त्या सवयीतूनच येतो.

होळी

पळस यंदा भरात आहे. काळ्या मखमली देठातून निघालेल्या केशरी पाकळ्या, आणि झाडावर पान एकही नाही. फुलाला वास नाही, मध मात्र भरपूर, म्हणून सकाळी सातला झाडावर शिंजीर, बुलबुल, मैना यांची एकच झुंबड असते. शिंजिराचा नर आता पुन्हा चकचकीत जांभळा झाला आहे. हिवाळ्यात तो पिवळट पोटावर काळी रेघ घेऊन फिरतो, तेव्हा ओळखू येत नाही. तांबटाची टुकटुकही सुरू झाली.

रंगासाठी खाली पडलेली फुलंच वेचली. पाकळ्या देठातून सोडवून रात्रभर पाण्यात भिजवल्या, सकाळी एक उकळी काढली. नुसत्या पाण्यात पिवळसर केशरी रंग येतो, चिमूटभर खायचा चुना टाकला की तो गडद होतो. लेकरांच्या गळ्यात गाठी आणि अंगावर हा रंग, धुळवडीची सकाळ फार सुंदर गेली. दुसऱ्या दिवशी उरलेला चोथा आंब्याच्या आळ्यात टाकला.

गारपिटीची धास्ती मात्र सुटत नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गार इथल्या कोणीच विसरलेलं नाही. सांदवाडीतल्या दोन झाडांवर हिरवी जाळी अंथरता येते, ती दोरीसकट ओसरीत तयार ठेवली आहे. ज्यांच्या वावरात शेकड्यांनी झाडं उभी आहेत त्यांना आभाळाकडेच पाहत राहावं लागतं. परवा संध्याकाळी उत्तरेला, सातपुड्याच्या बाजूला वीज चमकत होती तेव्हा गावातलं कोणीच लवकर झोपलं नाही. आमच्याकडे चार टपोरे थेंब पडून आभाळ मोकळं झालं.

सध्या

संत्र्याच्या पाकळ्या गळून पडल्या, मागे हिरवे मणी आहेत. आता ओलीत नियमित, कमीजास्त नको, नाही तर मणी गळतात. आळ्यात तुरीचं कुटार (भुसा) आणि वाळली पानं जाड पसरली.

मोगऱ्याला माघात पाणी तोडून, छाटून, पानं काढून घेतली होती. शेणखत आणि पाणी सुरू केल्यावर प्रत्येक काडीला तीन-चार फुटवे आले आणि पहिल्या कळ्या दिसताहेत. कढीपत्त्याला फुलं आली. धुऱ्यावरच्या मोहाच्या शेंड्यांना तपकिरी कळ्यांचे घोस धरले आहेत, गुढीपाडव्याच्या आगेमागे पहाटे फुलं पडायला लागतील.

जवस काढून झोडपलं. बी सावलीत वाळवून राखेत घोळवून डब्यात भरलं आहे. पुढच्या वेळी सगळी पट्टी एकदम न पेरता नोव्हेंबरभर आठ-आठ दिवसांच्या अंतरानं तुकड्यातुकड्यानं पेरायची, म्हणजे निळा फुलोरा महाशिवरात्रीपर्यंत खेचता येतो का ते कळेल. हलक्या किंवा मुरमाड जमिनीवर कोणी उशिराचं जवस फुलासाठी पेरलं असेल तर ते कधी फुललं आणि किती पाण्यावर, एवढं मला जरूर सांगा.