बावीस नंबरचा टी-शर्ट

"मग या वर्षी काय बघायला जाणार तुम्ही?" बोलून गेले आणि जीभ चावली.

आयोवा सिटीतल्या आमच्या शेजारच्या आजी अंगणातली पानं गोळा करत होत्या. अंगात तोच पिवळा टी-शर्ट, पाठीवरचा 22 धुऊन धुऊन अर्धा उडालेला. 2024च्या मोसमाआधीची एपी या वृत्तसंस्थेची कॉलेज बास्केटबॉलची क्रमवारी आली होती आणि पहिल्या 25मध्ये आयोवा विद्यापीठाच्या मुली नव्हत्याच! 2023 आणि 2024, सलग दोन वर्षं राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेची फायनल खेळलेला संघ हा. पण 22 नंबरची स्टार केटलिन क्लार्क कॉलेज संपवून व्यावसायिक लीगमध्ये गेली, तिचे 3,951 गुण गेले, कोच लिसा ब्लूडरही निवृत्त झाल्या. आयोवात चोवीस वर्षं त्यांच्या हाताखाली असलेल्या जॅन जेन्सन मुख्य कोच झाल्या.

आजींनी दाताळं झाडाला टेकवलं. "अगं, ती यायच्या आधी हवी ती खुर्ची मिळायची. तेव्हाही जायचेच की मी."

आणि पुन्हा पानं ओढायला लागल्या.

मी सचिन आउट झाला की टीव्ही बंद करणाऱ्या घरातली. (बाबा तर रिमोटच लपवायचे.) आपण नक्की कोणाचे चाहते होतो, भारताचे की त्याचे?

आजींना माझंही तिकीट काढायला सांगितलं. फक्त 22 सोडून एकाही मुलीचं नाव मला येत नव्हतं, हे त्यांना कसं सांगणार?