३७ रेकॉर्डी आणि मागच्या दाराची कचरापेटी

नोकरी जाऊन तिसरा महिना चालू होता, मी ऑस्टिनच्या घरात बसून दिवसभर लिंक्डइन खाजवत होतो, तेव्हा शेजारचा आला. हा माणूस एका कंट्री बँडमध्ये पेडल स्टील वाजवतो, म्हणजे ते टेबलासारखं आडवं वाद्य, दहा तारा, खाली पायाला पेडल आणि गुडघ्याने ढकलायच्या दांड्या. त्यांची मर्च विकणारी पोरगी पाय मोडून पडली होती आणि बारा दिवसांची टूर तोंडावर, सगळी टेक्सासातच, येतोस का म्हणाला. मी काही बोलायच्या आत बायको हो म्हणाली.

मर्च म्हणजे टीशर्ट, टोप्या, पोस्टर, रेकॉर्डी आणि कूझी, कूझी म्हणजे बिअरच्या कॅनला घालायचं स्पंजचं टोपडं, पाच डॉलरला एक, आणि तुम्ही हसाल पण ते सगळ्यात जास्त खपतं. मी मूळचा नारायणगावचा, पाडव्याच्या आसपास आमच्याकडे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी येऊन सुपारी देतात ते लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळे इथलं गणित पटकन कळलं. हॉलकडून जी सुपारी मिळते ती पेट्रोल, मोटेल आणि सहा जणांच्या खाण्यात संपते. घरी न्यायचे पैसे टेबलावर होतात. म्हणजे माझ्यावर.

पहिल्या दिवशी शेजाऱ्याने शर्ट गुंडाळायला शिकवलं. घडी नाही घालायची, गुंडाळी करायची आणि वर मास्किंग टेपवर मार्करने साइज लिहायचा, कारण अंधारात समोर वीस माणसं उभी असताना लेबल शोधत बसलास तर मेलास. लार्ज आणि एक्सएल आधी संपतात, स्मॉल शेवटपर्यंत तोंडाकडे बघत बसतात. शर्ट ३५, रेकॉर्ड ३०, टॅक्स त्यातच धरलेला (तिकडे बहुतेक ठिकाणी राज्याचा ६.२५ आणि गावाचा २ मिळून सव्वाआठ टक्के बसतो), म्हणजे चिल्लरची भानगड नको. एक आणि पाचच्या नोटा मात्र भरपूर लागतात, वीसची नोट पुढे करून कूझी मागणारे रांगेत असतातच.

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्रूनला होतो, लिहितात ग्रूनसारखं पण म्हणतात ग्रीन, मी दिवसभर चुकीचं म्हणत होतो आणि कोणी सांगितलं नाही. १८७८ चा डान्स हॉल, जर्मन वस्तीतला, पत्र्याचं छप्पर, एसी नाही, बाजूच्या झडपा उघड्या, आणि त्या उकाड्यात सत्तरीची जोडपी बूट घालून टू-स्टेप करतायत. धंदा बेस्ट झाला. पण गोष्ट तिथली नाही, चौथ्या दिवशीच्या वेगळ्याच हॉलची आहे, त्याचं नाव राहू दे कारण चूक माझीच होती.

काही हॉल मर्चच्या विक्रीतून कट घेतात. ह्या हॉलचा शर्टावर २० टक्के आणि रेकॉर्डीवर १०. पद्धत अशी की शो आधी हॉलचा माणूस येऊन तुमच्यासमोर प्रत्येक वस्तू मोजतो, शीटवर लिहितो, तो काउंट इन. शो संपला की पुन्हा मोजतो, तो काउंट आउट. मधला फरक म्हणजे विक्री. गल्ल्यात किती आलं ते तुमचं तुम्ही बघा. तिथला मोजणारा पासष्टीचा म्हातारा होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलायचा एकदम गोड, मला सन म्हणायचा, मी त्रेचाळीस वर्षांचा. रेकॉर्डी ५० लिहिल्या. १३ टेबलावर होत्या, बाकीच्या ३७ ट्रेलरमधून नुकत्याच काढलेल्या बॉक्समध्ये, तो वरून मोजत गेला, मी हो हो म्हणत गेलो.

आता तो ट्रेलर. ऑगस्ट महिना, बाहेर ३८ च्या वर, पत्र्याचा ट्रेलर सकाळपासून उन्हात. टेबलावरच्या १३ रेकॉर्डी आदल्या रात्री मोटेलच्या खोलीत नेलेल्या, ह्या ३७ न्यायचा मला कंटाळा आला होता.

पहिला सेट संपल्यावर एका पोराने बॉक्समधली रेकॉर्ड घेतली, गायिकेची सही हवी म्हणून तिथेच प्लॅस्टिक फाडलं आणि बाहेर ओढली तर पापड. खरंच पापड, विस्तवावर धरल्यावर जशी कड वर उचलते तशी. विनाइल तापलं की मऊ पडतं, आणि बॉक्स जरा कलता असेल तर रेकॉर्डी एकमेकींवर रेलून तशाच वाकून बसतात. पोरगा हसायला लागला, मला घाम फुटला. त्याला टेबलावरची चांगली दिली आणि बॉक्स टेबलाखाली ओढून एकेक आडवी ठेवून बघितली. एक पण सरळ नाही.

ह्या रेकॉर्डी गायिकेने स्वतःच्या पैशाने छापून घेतलेल्या, किरकोळीत हजार डॉलरच्या वरचा माल. ती स्टेजवर, दुसरा सेट चालू, आणि मला एवढंच सुचलं की हे तिच्या नजरेला आज पडायला नको, उद्या शांतपणे सांगू, पैसे माझ्या पगारातून कापून घे म्हणू. मग दोन्ही बॉक्स उचलले, किचनच्या मागच्या दाराने बाहेर गेलो आणि त्या भल्यामोठ्या लोखंडी कचरापेटीत ओतले. हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शो संपला, म्हातारा शीट घेऊन आला. शर्ट मोजले, टोप्या मोजल्या, कूझी मोजले, सगळं जुळलं. रेकॉर्डी दोन.

"अठ्ठेचाळीस! वा," म्हणाला. "रेकॉर्डी एवढ्या जातात कुठे आजकाल."

माझा गल्ला बोलत होता ११. मग सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, सन, खराब माल असेल तर दाखव, खराब म्हणून लिहितो, पण दिसत नाही तो माल माझ्या शीटवर विकलेलाच असतो. तो सांगतोय ते बरोबरच होतं, माझ्यासारखे रोज एक भेटत असणार आणि सगळेच खरं बोलत नसणार. टॅक्स वजा जाऊन ३७ रेकॉर्डींचा कट शंभर डॉलरच्या वर जात होता, माझी एक दिवसाची कमाई जवळजवळ तेवढीच.

तर रात्री पाऊण वाजता मी कचरापेटीत. आत कमरेइतका कचरा, शोच्या वेळात किचनने वर अजून ओतलेलं, ब्रिस्केटची चरबी, कोलस्लॉ, बिअर, बार्बेक्यू सॉसचा अख्खा डबा कोणीतरी उपडा केलेला. म्हातारा बाहेर मोबाइलचा टॉर्च धरून उभा, चष्मा तसाच शेंड्यावर, आणि मी एकेक रेकॉर्ड वर करून दाखवतोय, तो मोठ्याने आकडा म्हणतोय. पंधराच्या आसपास ड्रमर सिगारेट ओढायला बाहेर आला, बघितलं, आत गेला आणि अख्ख्या बँडला घेऊन आला. गायिका पण. तिने एक शब्द विचारला नाही, बाहेर ठेवलेल्या ढिगातली एक उचलली, जीन्सला पुसली, डोळ्यासमोर आडवी धरून वाक बघितला आणि परत ठेवली. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं.

छत्तीस झाल्या. सदतिसावी मिळेना. तळापर्यंत हात घातला, पिशव्या फाडल्या, नाही. मग आठवलं, तो पोरगा. चांगली हातात घेतल्यावर म्हणाला होता ही वाकडी पण ठेवू का, भिंतीवर लावतो, आणि मी घे बाबा म्हणून टाकलं होतं. म्हाताऱ्याला सांगितलं तर म्हणाला फुकट दिलेलं आधी सांगायचं असतं, शीटवर त्याला वेगळा रकाना आहे. खराब ३६, विकलेल्या १२. एका न विकलेल्या रेकॉर्डीचा कट पावणेतीन डॉलर आणि वर दोन सेंट, मी तीन डॉलर काढले तर त्याने खिसा चाचपून तेवीस सेंट परत दिले, मोजून.

फोर्ट वर्थपर्यंत रात्रीचाच प्रवास होता. व्हॅनमध्ये मला सगळ्यात मागच्या सीटवर बसवलं, दोन्ही खिडक्या उघड्या, अंगाखाली काळी कचऱ्याची पिशवी पसरलेली. पुढे गायिका गाडी चालवत होती, तासभर कोणी बोललं नाही, मग आरशात बघून म्हणाली सॉस चांगला होता का रे तिथला. मी म्हणालो जरा गोड होता. ती म्हणाली, वाटलंच.