हिमालयन ४५० माझ्या उंचीला बसवताना

माझी उंची १६३ सेंटीमीटर आहे आणि रॉयल एन्फील्ड हिमालयन ४५० या गाडीची सीट जमिनीपासून ८२५ मिलिमीटरवर आहे. गाडीचे वजन पेट्रोलसह १९६ किलो भरते. गाडी घ्यायचे ठरवले तेव्हा जवळपास प्रत्येकाने मिटिऑर ३५० सुचवली, आणि तिची सीट ७६५ मिलिमीटरवर असल्याने तो सल्ला वावगाही नव्हता. परंतु मला वरंधा आणि ताम्हिणीच्या पलीकडचे, डांबर संपल्यानंतरचे रस्ते करायचे होते, आणि त्यासाठी २१ इंची पुढचे चाक व २०० मिलिमीटर खेळणारे सस्पेन्शन हेच या गाडीचे खरे मोल होते. त्यामुळे हे गुण न गमावता गाडी माझ्या पायांच्या आवाक्यात कशी येईल, एवढाच प्रश्न उरला. त्याची उत्तरे शोधताना एक क्रम मी कटाक्षाने पाळला: जे पूर्ववत करता येते ते आधी करायचे, आणि जे करता येत नाही ते अगदी शेवटी, तेही गरज उरलीच तर.

सुरुवात स्वतःच्या मापापासून केली. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहायचे, जाड पुठ्ठ्याची वही दोन्ही पायांच्या मध्ये घट्ट वर सरकवायची आणि तिच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची. माझ्या पायाची आतली लांबी अशा रीतीने साधारण ७४ सेंटीमीटर निघाली. ८२५ मधून ७४० वजा केले की ८५ मिलिमीटरची तूट दिसते आणि कोणीही धास्तावेल. प्रत्यक्षात या तुटीतला काही भाग बुटाचा तळवा भरून काढतो, काही भाग माणूस बसल्यावर दबणारे सस्पेन्शन भरून काढते, आणि टाच उचलून चवड्यावर उभे राहिल्याने आणखी बरेच अंतर मिळते. उलट कागदावर न दिसणारी एक गोष्ट आपल्या विरोधात जाते, ती म्हणजे सीटची रुंदी. पाय काही सीटच्या मध्यातून सरळ खाली जात नाही. तो आधी मांडीने सीटची कड ओलांडतो आणि मग खाली वळतो. एकाच उंचीच्या दोन सीटपैकी पुढून निमुळती असलेली सीट म्हणूनच कमी उंचीची वाटते. हे उमगल्यावर माझे अर्धे काम मार्गी लागले, कारण तोवर मी फक्त उंचीचा विचार करत होते.

या गाडीची सीट मुळातच ८२५ आणि ८४५ अशा दोन उंचींवर बसते. ती खालच्याच जागी आहे ना, एवढे तपासून घेतले.

त्यानंतर मागच्या शॉकअपकडे वळले. मागचे चाक जमिनीपासून मोकळे राहील अशी गाडी उभी करून ॲक्सलच्या मध्यापासून सीटखालच्या पॅनेलवर खडूने केलेल्या खुणेपर्यंतचे अंतर टेपने मोजले. मग हेल्मेट, जॅकेट आणि बूट घालून मी गाडीवर बसले, भावाने पुढून हँडल धरले आणि त्याच्या मित्राने तेच अंतर पुन्हा मोजले. दोन्हींतला फरक म्हणजे माझ्या वजनाने गाडी किती बसते ते माप. अशा गाडीवर हे माप एकूण खेळाच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे साठ-पासष्ट मिलिमीटर असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे; माझे जेमतेम ४५ भरले. माझ्या वजनाच्या मानाने स्प्रिंग जास्त आवळलेली होती, हे त्यावरून स्पष्ट झाले. हुक पान्याने स्प्रिंग दाबून धरणारी कडी सैल करत गेल्यावर गाडी सेंटीमीटरभर खाली आली, आणि खड्ड्यांतून मागचे चाक पूर्वी उसळी घेत असे तेही थांबले. म्हणून हलक्या वजनाच्या चालकांनी फोमला हात लावण्याआधी ही मोजणी अवश्य करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

पुढचा टप्पा सीटचा होता. या गाडीसाठी कंपनीचीच लो सीट वेगळी मिळते आणि ती खालच्या जागी बसवली की उंची ८०५ मिलिमीटर होते. ती विकत घेऊन मूळ सीट मी जपून ठेवली. लो सीटने चवड्यांचा पुढचा भाग टेकू लागला, तरी मांडीला कड लागतच होती. म्हणून ती सीट घेऊन नाना पेठेतल्या एका जुन्या कुशनवाल्याकडे गेले आणि मध्यावरचा फोमही थोडा काढता येईल का, असे विचारले. ते म्हणाले, "ताई, मधून काढला तर तासाभरात खालची प्लेट लागेल. मधल्याला हात नको, कडा उतरवू." त्यांनी खालच्या पिना पकडीने एकेक उपसल्या, कव्हर न फाडता सोडवले, मला गाडीवर बसवून मांडी जिथून वळते तिथे दोन्ही बाजूंना मार्करने रेघ मारली, आणि लांब पात्याच्या सुरीने तेवढाच भाग तिरका छाटला. नंतर ग्राइंडरला सँडपेपरची चकती लावून ते फोम घासू लागले, तेव्हा पिवळसर भुगा त्यांच्या कोपरापर्यंत चढला होता. प्रत्येक वेळी थोडेच घासायचे, उघडा फोम गाडीवर ठेवायचा, मला बसवायचे आणि दोन्ही बाजू तळहाताने चाचपून सारख्या आहेत ना ते पाहायचे, असे त्यांचे काम चालले होते. शेवटी पावसाचे पाणी फोममध्ये उतरू नये म्हणून प्लॅस्टिकचा पातळ कागद घालून त्यांनी जुनेच कव्हर पुन्हा ताणून बसवले. आता माझे दोन्ही चवडे पूर्ण टेकतात आणि टाचा किंचित वर राहतात. यापेक्षा खाली जाण्याची माझी इच्छाही नाही, कारण सीट जितकी खाली तितका फूटरेस्टवर गुडघा अधिक दुमडतो आणि लांबच्या प्रवासात त्याचा त्रास होतो.

लोअरिंग लिंक, म्हणजे मागच्या सस्पेन्शनच्या जोडपट्ट्या बदलून गाडी खाली आणणारा सुटा भाग, बसवण्याचा पर्याय मी विचारपूर्वक नाकारला. त्याने गाडीचा मागचा भाग खाली येतो, परंतु त्याबरोबर जमिनीपासूनची मोकळीक घटते, हँडल वळायला मंद होते आणि ते सावरायला पुढचे फोर्कही (पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनच्या नळ्या) त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये वर सरकवावे लागतात. साइड स्टँड गाडीच्या मानाने लांब पडतो आणि गाडी इतकी सरळ उभी राहते की जरा धक्का लागला तर उजवीकडे कलंडू शकते. ज्या गुणांसाठी ही गाडी घेतली तेच त्यात जातात.

थांबण्याची पद्धत मात्र मी बदलली आहे. पाणी वाहून जावे म्हणून आपले रस्ते कडेकडे उतरते असतात, आणि आपण डावीकडून चालत असल्यामुळे कडेला थांबताना नेमक्या डाव्या पायाखालची जमीन सखल असते. साइडपट्टी खचलेली असेल तर आणखीच. म्हणून मी कडेला न जाता डांबराचा समतल भाग पाहून थांबते, थांबण्याआधीच कंबर किंचित डावीकडे सरकवते, डावा पाय भक्कम टेकते आणि उजवा मागच्या ब्रेकवर ठेवते. मागे कोणी बसणार असेल किंवा सामान लादायचे असेल तर शॉकअपची कडी पुन्हा आवळते, नाहीतर मागचा भाग दबून हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. कडीच्या दोन्ही जागा पांढऱ्या रंगाने खुणावून ठेवल्या असल्याने हे काम पाच मिनिटांत होते.