पेनांची अंघोळ

रविवारी चहा झाला की मी पेनं घेऊन बेसिनपाशी. बायको याला ‘पेनांची अंघोळ’ म्हणते.

आजोबांचं पार्कर ५१ कपाटात सापडलं तेव्हा आतली शाई वाळून दगड झाली होती. साध्या पाण्यात रात्रभर उभं ठेवलं. सकाळी पाहतो तर निबेतून निळा धागा संथपणे खाली उतरतोय. आजोबांनीच भरलेली शाई ती! हे मॉडेल बाजारात आलं १९४१मध्ये, पण आजोबांचं पेन नळी दाबून भरायचं, म्हणजे १९४८ नंतरचं. निब जवळजवळ झाकलेली, नुसतं टोक बाहेर. त्यामुळे शाई चटकन सुकत नाही.

रोजच्या लिखाणाला मात्र ड्रॉपरने भरायचं एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं पेन. बोटाने घासलं की रबराचा वास येतो. (मला आवडतो.) खोड एकच: शाई तळाला गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि टपकन ठिपका पडतो. परवा वाण्याच्या यादीतला साबुदाणा असाच बुडाला. म्हणून अर्धं झालं की भरून टाकायचं.

लॅमी सफारी पेन लेकीने पळवलंय. ती डावखुरी, करंगळी कायम निळी.