गोळी चालू झाली ना, मग टेप पण काढा

आमच्या भाऊला स्किझोफ्रेनियासाठी (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) ओलान्झापिनची गोळी सुरू झाली आणि थोड्याच दिवसात घरात सगळे खुश, कारण झोप लागायला लागली, एकट्याने बडबडणं थांबलं आणि मुख्य म्हणजे पोटभर जेवायला लागला. वरण-बट्टीचं ताट पुसून परत हाक मारायचा. मी काही बोललो की आई म्हणणार, "खाई ऱ्हायना ना पोर, खाऊ दे." गल्लीतले पण म्हणायचे, चांगलं अंगाला लागलं हो. अंगाला लागलं कसलं, टेलरने पँट दोनदा सैल केली आणि मग सांगून टाकलं की आता आत कापडच उरलं नाही.

ही भूक गोळीची असते, माणूस खादाड होत नाही. मेंदूतल्या हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांचे काही रिसेप्टर, म्हणजे त्यांचा निरोप घेणाऱ्या जागा, ही औषधं अडवतात, मग पोट भरल्याचं कळतच नाही, आणि वजनासोबत साखर अन् कोलेस्टेरॉल पण चढतं. या आजाराच्या गोळ्यांमधे ओलान्झापिन आणि क्लोझापिन यात सगळ्यात पुढे, रिस्पेरिडोन-क्वेटियापिन मधे, अरिपिप्राझोल त्यामानाने हलकी.

अमेरिकेतल्या डायबेटिसच्या आणि मानसोपचाराच्या डॉक्टर संघटनांनी मिळून २००४ मधेच ठरवून दिलंय की गोळी सुरू करतानाच वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटी साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी, कोलेस्टेरॉल वगैरे) बघायचं, मग वजन ४, ८ आणि १२ आठवड्यांनी, बीपी-साखर-लिपिड परत १२ आठवड्यांनी, आणि पुढे साखर-बीपी निदान वर्षातून एकदा तरी. पण ओपीडीत एवढी गर्दी, की आवाज येतात का, झोप लागते का, झालं, पुढचा या. टेप कोण काढणार? सरकारी दवाखान्यात बीपी-शुगरची तपासणी आहे, पण ती मोहीम ३० च्या पुढच्यांसाठी, आणि हा आजार तर बहुतेक विशीतच धरतो, म्हणून स्वतः मागून घ्यायची.

कंबर घरीच मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या मधोमध टेप, श्वास सोडल्यावर. पँटचा नंबर धरू नका, पँट पोटाखाली बांधलेली असते. आपल्याकडे पुरुषाला ९० आणि बाईला ८० सेंटीमीटर ही धोक्याची लाइन. आणि ६० किलोचा माणूस ३ किलोने वाढला म्हणजे ५ टक्के झाले, तिथेच डॉक्टरला सांगायचं, ते गोळी बदलतील नाहीतर मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) जोडतील, त्यांचं ते बघतील, पण आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही, आजार उलटतो आणि मग सावरणं जास्त अवघड.

चोपडा-यावलकडून सकाळच्या एसटीने उपाशी जळगावला येणं होत नसेल तर एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करा, त्याला उपाशी लागत नाही, फक्त सुरुवातीच्या महिन्यात ती साखर वाढलेली पटकन दाखवत नाही. आणि पेशंट अचानक तांब्याच्या तांब्या पाणी प्यायला लागला, रात्री सारखा लघवीला उठायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी साखर तपासा.